२१ नोव्हेंबर : दोहात रंगलेली ती अंतिम लढत

२१ नोव्हेंबर २०१४. कतारची राजधानी दोहा, खलिफा आंतरराष्ट्रीय टेनिस व स्क्वॉश संकुल, चहूबाजूंनी काचेचा कोर्ट. जागतिक स्क्वॉश स्पर्धेच्या अंतिम फेरीत इजिप्तचेच दोघे समोरासमोर होते. एक दुखापतीमुळे काही महिने खेळापासून दूर राहिलेला रामी अशूर, तर दुसरा त्याच महिन्यात जागतिक क्रमवारीत अव्वल झालेला मोहम्मद एल शोरबागी. रामीने १३-११, ७-११, ५-११, ११-५, १४-१२ अशी बाजी मारली. दोन वर्षांपूर्वी याच शहरात, याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तो पाच गेममध्येच जिंकला होता. पण स्क्वॉशमधल्या सर्वोत्तम सामन्यांत गणना व्हावी ती २०१४च्या लढतीची.

दोहाला हे वैभव एका रात्रीत लाभलेले नाही. कडक उन्हाच्या या शहराला वातानुकूलित बंदिस्त कोर्टवरचा खेळ मानवला. १९९८ मध्ये कॅनडाचा जोनाथन पॉवर इथेच विश्वविजेता झाला. २००४ मध्ये फ्रान्सच्या तिएरी लिंकूने इथे करंडक उंचावला, तर २०१९ मध्ये तारेक मोमेनने. दरम्यान, २००६च्या दोहा आशियाई क्रीडा स्पर्धेत सौरव घोषालने कांस्य मिळवले. आशियाई स्पर्धेतले स्क्वॉशमधले भारताचे ते पहिले पदक.

केवळ यजमानपदावर कतार थांबला नाही. ऑस्ट्रेलियाचे माजी विश्वविजेते जेफ हंट यांना प्रशिक्षणासाठी बोलावण्यात आले. त्यांच्या हाताखाली घडलेला अब्दुल्ला अल तमिमी पुढे जगातल्या अव्वल खेळाडूंशी झुंजू लागला.