गं. भा.

नाशिककर रामकुंडाकडे निघाला की ‘गंगेवर जातो’ म्हणतो. गोदावरी त्याची गंगाच. लग्नपत्रिकेत मात्र हीच गंगा नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी ‘गं. भा.’ होऊन बसते. खालच्याच ओळीत ठसठशीत ‘सौ.’

एप्रिल २०२३मध्ये मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ सुचवले आणि टीकेची झोड उठली.

‘विधवा’ची फोड पंडित वि + धव, म्हणजे नवरा नसलेली, अशी करतात. भाषाशास्त्र उलटे सांगते. शब्द मुळात ‘वेगळे पडणे’ या अर्थाचा. लॅटिन ‘विदुआ’ त्याची सख्खी बहीण. ‘धव’ मागाहून त्यातूनच कोरून काढला. थोडक्यात, शब्दात नवरा नव्हताच, तो नंतर घुसवला!

विधुर? तो पत्रिकेत ‘श्री.’च राहतो.