प्रत्येकीच्या आवाजाला वेगळी वाट

आज आपण आवाजाचा इतिहास ऐकणार आहोत, पण सुरुवात बचत गटाच्या वहीपासून करू. बचत एकत्र जमते, तरी वहीत प्रत्येकीचे पान वेगळे असते. पाने लिहिलीच नाहीत, तर पुढे कोणाचे किती हे कसे सांगणार? आवाजाचेही तसेच आहे. त्याला वेगळे पान मिळायला कितीतरी वर्षे गेली.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आले. गौहरजान यांचे गाणे त्यांनी तबकडीवर घेतले. तेव्हा विजेचा माइक नव्हता. गायिकेने मोठ्या कर्ण्यासमोर जोरात गायचे. गळा आणि साथीची वाद्ये, सगळे त्या एकाच कर्ण्यातून आत जायचे. मोठा आवाज वर यायचा, बारीक आवाज बुडायचा. मागाहून दुरुस्ती नाही.

१९२५ च्या सुमारास विजेच्या माइकवर ध्वनिमुद्रण सुरू झाले. १९३२ साली ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात दुर्गाबाई खोटे स्वतः गायल्या. त्या काळात चित्रीकरण चालू असतानाच गावे लागे आणि वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे बसत. बोलणे, गाणे, वाजवणे सगळे एकाच पट्टीवर.

त्याच सुमारास, १९३१ मध्ये, इंग्लंडच्या ॲलन ब्लमलाइन यांनी दोन वाटांच्या आवाजाचे पेटंट मागितले. माणसाला कान दोन, तर आवाजही डावा-उजवा वेगळा का नसावा? हाच आपला स्टिरिओ. पुढे टेपवर शेजारी शेजारी चार, आठ, सोळा, चोवीस पट्ट्या आल्या. गळा एका पट्टीवर, ढोलकी दुसरीवर. या वाटांना चॅनेल म्हणतात. शेताच्या भाषेत सांगायचे तर पाट एक, पण प्रत्येक वाफ्याला वेगळी चारी.

मग संगणक आला. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये संगीताच्या सॉफ्टवेअरला छोटे प्रोग्रॅम जोडण्याची एक पद्धत आणली. त्यांना प्लगइन म्हणतात. मिक्सरचे मशीन एकच असते, पण चटणीचे भांडे वेगळे आणि रसाचे वेगळे, तसेच हे. एक प्लगइन घरघर कमी करते, दुसरे आवाज घुमवते.

प्लगइन बनवणाऱ्याला आधी ठरवावे लागते, आत किती वाटा येणार आणि बाहेर किती जाणार. एकट्या निवेदिकेला एक पुरते. स्टिरिओला दोन लागतात. थिएटरच्या एका पद्धतीत सहा असतात: समोर तीन, बाजूला किंवा मागे दोन आणि घुमणाऱ्या खर्जासाठी एक. हा मेळ बसला नाही, तर एखादी बाजू मुकी होते किंवा सगळे एकात मिसळते.

कधी एक बाजूची वाटही ठेवतात. रेडिओवर ताई बोलू लागल्या की मागचे संगीत आपोआप खाली जाते. तिथे प्लगइनच्या मुख्य वाटेने संगीत येते आणि बाजूच्या वाटेने ताईंचा आवाज. तो आवाज फक्त खूण देतो, ‘आता संगीत दबव.’

हे सगळे आपल्याला कशाला? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या काही बायांच्या आवाजातही जपल्या गेल्या. अशा ठेव्यात प्रत्येक बाईचा शब्द ऐकू येणे मोलाचे आहे. सगळे आवाज एकदा एकाच वाटेत मिसळले की वेगळे काढणे फार अवघड. आजच्या संगणकालाही ते पूर्ण साधत नाही.

म्हणून एकलहऱ्यात असो वा तुमच्या गावात, म्हाताऱ्या आजींच्या ओव्या घ्याल, तेव्हा एकच फोन मध्ये ठेवू नका. दोघी गात असतील तर दोन फोन घ्या, प्रत्येकीजवळ एक. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर सर्वांना ऐकू जाईल अशी एक टाळी वाजवा. पुढे संगणकावर ती टाळी जुळवली की दोन्ही वाटा बरोबर बसतात. मग ज्या आजींचा आवाज बारीक आहे, त्यांची वाट थोडी मोठी करता येते. मोठ्या आवाजाच्या बाईला गप्प बसवावे लागत नाही.

गटाच्या वहीत जसे प्रत्येकीचे पान, तशी रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येकीची वाट ठेवा.