अटलांटा येथील ओकलंड दफनभूमी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची राजधानी असलेल्या अटलांटा शहरात १८५० साली नगर परिषदेने सहा एकर जागेवर ही दफनभूमी स्थापन केली. १८६७ पर्यंत तिचा विस्तार ४८ एकर झाला आणि १८७२ मध्ये तिला 'ओकलंड' हे नाव मिळाले. उंच वृक्ष, संगमरवरी पुतळे व कौटुंबिक कबरगृहे असलेली ही व्हिक्टोरिया काळातील उद्यानासारखी दफनभूमी पाहण्यास आजही अनेक पर्यटक येतात. 'गॉन विथ द विंड' या कादंबरीच्या लेखिका मार्गारेट मिचेल यांची कबर येथेच आहे.

या देखण्या भूमीचा इतिहास मात्र क्लेशदायक आहे. कृष्णवर्णीयांना दफनभूमीच्या मागील बाजूस, वेगळ्या जागीच पुरावे, असा आदेश परिषदेने १८५२ मध्ये काढला. त्या जागेला 'गुलामांचा चौक' म्हणत. १८६१ साली यादवी युद्ध सुरू होईपर्यंत तेथे आठशेहून अधिक दफने झाली होती. पुढे दफनभूमी चहूकडे वाढली व तीच जागा मोलाची ठरली. १८७७ साली परिषदेने तेथील मृतावशेष उकरून कृष्णवर्णीय निर्धनांसाठी राखलेल्या भागात हलविले आणि मोकळी झालेली जागा गोऱ्यांना विकली. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा बारा वर्षे झाली होती!

कृष्णवर्णीयांच्या विभागातील अनेक कबरींवर लाकडी खुणा होत्या. त्या कुजून नष्ट झाल्या. २०१६ मध्ये जमिनीखालील रडार पाहणीत ८७२ निनावी कबरी आढळल्या. या विभागाचा जीर्णोद्धार २०२२ साली पूर्ण झाला.

याच विभागात कॅरी स्टील लोगन (मृत्यू १९००) विसावल्या आहेत. गुलामगिरीत जन्मलेली ही पोरकी स्त्री रेल्वे स्थानकावर नोकरीस होती. तेथे टाकून दिलेली मुले ती घरी नेऊन सांभाळी. त्यातूनच १८८८ साली तिचे अनाथालय उभे राहिले. बेथानी येथे प्रभूला सुगंधी तेलाचा अभ्यंग करणाऱ्या स्त्रीविषयी प्रभू येशूने काढलेले उद्गार तिच्या कबरीवर कोरले आहेत. तो अभ्यंग प्रभूच्या दफनविधीसाठीच होता, हे वाचकांना स्मरत असेल.

वर्णभेदाची ही व्यवस्था १९६३ पर्यंत टिकली. अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन यांचे २००३ साली निधन झाले. त्यांना मूळच्या सहा एकरांत, दफनभूमीच्या सर्वात जुन्या भागात, मूठमाती देण्यात आली.