सावली वाटसरूची, चिंच आपली

नगर रस्त्याला लागून, शिरूरच्या अलीकडे आमचं थोडं रान आहे. त्याच्या बांधाला, रस्त्याच्या अगदी कडेला एक जुनी चिंच होती. उन्हाळ्यात आबा काठीने चिंचा झोडायचे आणि आजी दुपारभर ओट्यावर बसून त्या फोडायची. चिंचोके आमच्या खेळायला. एकदा मी विचारलं, ‘‘आबा, हे झाड आपलं का?’’

आबा म्हणाले, ‘‘सावली वाटसरूची, चिंच आपली, खोड सरकारचं.’’

ही आबांची आपली एक म्हण असेल, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. रस्ता रुंद झाला आणि चिंच गेली. त्यानंतर रस्त्याकडेच्या झाडांचे नियम शोधायला बसलो, तेव्हा कळलं की आबा म्हण सांगत नव्हते, कायदा सांगत होते.

तो कायदा १८७९चा, मुंबई जमीन महसूल कायदा. त्यात रस्त्याकडेच्या झाडांचा वेगळा नियम होता. सरकारने किंवा स्थानिक निधीतून सरकारी रस्त्याच्या कडेला लावून वाढवलेली झाडं सरकारच्या मालकीची. पण त्यांचं फळ, आणि छाटलेल्या फांद्यासुद्धा, ज्याच्या जमिनीत झाड उभं आहे त्या शेतकऱ्याच्या. झाड वाळलं, वाऱ्याने पडलं किंवा कलेक्टरच्या हुकमाने तोडलं, तर लाकूडही त्याचंच. अट एकच: कलेक्टरच्या हुकमाशिवाय फांदी छाटायची नाही.

इंग्रज सरकार काही दयाळू नव्हतं. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, त्यांची मोठी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या सैन्यासमोर उभी ठाकली. माणसं आणि बैल उन्हातून चालवायचे, तर सावली ही सरकारचीच गरज होती. पण मैलोगणती झाडांवर शिपाई कुठून ठेवणार? म्हणून झाडाशेजारी जो रोज असतो, त्यालाच वाटा दिला. ज्याला उद्या चिंच मिळणार आहे, तो आज बुंध्याला शेळी लागू देत नाही. नियमातली हुशारी एवढीच.

यापेक्षा जुना दाखला तुमच्या फोनवर कधीतरी आला असेल. ‘शिवरायांचं झाडांविषयीचं आज्ञापत्र’ म्हणून तो फिरतो. ते आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांचं, साधारण १७१५चं. म्हणजे महाराज जाऊन पस्तीस वर्षं झाल्यानंतरचं. अमात्यांनी महाराजांच्या काळात कारभार केला होता, त्यामुळे त्यात जुन्या धोरणाची छाप असणार. पण लेखन अमात्यांचं आहे. विषय आरमाराचा आहे. जहाजांना लाकूड लागतं, आंबा-फणसही उपयोगी पडतो, तरी त्यांना हात लावू नये, असं ते बजावतात. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलंच, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. झाडाला हात लावण्याआधी माणसाला विचारा, असा तो नियम होता.

आता आजच्या नियमांकडे या. १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड कायदा मुख्यतः गावांकडे लागू होतो. त्याला जोडलेल्या मूळ यादीत चिंच, आंबा, फणस, जांभूळ, मोह, साग अशी सोळा नावं आहेत. वड आणि पिंपळ नाहीत. मूळ कायद्यातला दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये. शहरांसाठी १९७५चा वेगळा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची अट घातली.

म्हणजे शिरूर किंवा दौंड नगरपरिषदेच्या हद्दीतला शंभर वर्षांचा वड हा वारसा. हद्द ओलांडली की तसाच वड त्या यादीतही नाही. झाडाला हद्द कळत नाही, पण त्याचं नशीब तिच्यावर ठरतं. आमची चिंच हद्दीबाहेरची होती.

सावली म्हणजे काय, हे दौंड तालुक्यात आषाढवारीच्या दिवसांत पाहावं. तुकोबांची पालखी यवतला आणि वरवंडला मुक्काम करते. पाऊस लांबला की रस्त्याकडेच्या झाडाखाली माणसं गर्दी करून बसतात. ते झाड कुणी लावलं, हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं. पाटसपासून पुढचा पालखीमार्ग चौपदरी करण्याचं भूमिपूजन नोव्हेंबर २०२१मध्ये झालं. रस्ता हवाच. पण चार पदर वर्षा-दोन वर्षांत होतात आणि वडाला पारंब्या फुटायला एक पिढी जाते.

झाडं लावायचा उत्साह आपल्याकडे कमी नाही. राज्याने २०१६ला दोन कोटींचा संकल्प केला, मग चार, तेरा आणि २०१९ला तेहतीस कोटींचा. खड्डे मोजले जातात, रोपं मोजली जातात, फोटो निघतात. पुढच्या एप्रिलमध्ये पाणी कोण घालतं? ग्रामपंचायत कायद्यात, १९५८पासून, रस्त्याकडेला झाडं लावणं आणि ती जोपासणं हे पंचायतीच्या कामांच्या यादीत आहे. पण पंचायत म्हणजे नेमकं कोण, हे टँकर आल्याशिवाय कळत नाही.

आमच्या चिंचेच्या जागेजवळ आता एक लोखंडी पिंजरा आहे. आत रोप होतं. आता काडी आहे. पलीकडच्या शेतात ठिबक चालू असतं. पिंजरा आणि ठिबकची नळी यांत दहा पावलांचं अंतर आहे. शेजारच्या काकांना मी विचारलं, ‘‘एक ड्रिपर तिकडे का नाही सोडला?’’ ते म्हणाले, ‘‘झाड कुणाचं, ते कुणी सांगितलंच नाही. उद्या मलाच नोटीस यायची.’’

काकांची चूक आहे, असं मला वाटत नाही. झाड सगळ्यांचं, असं आपण सांगत आलो आणि ते कुणाचंच उरलं नाही. पुढच्या ग्रामसभेत मी एवढंच मांडणार आहे: रस्त्याकडेला चिंच लावा, आणि ती ज्याच्या बांधाला आहे त्याला लेखी द्या की फळ तुझं. सावली येणाऱ्या-जाणाऱ्यांची राहीलच.

काडी मी उपटली. आजीच्या डब्यात अजून मूठभर चिंचोके होते. त्यातले तीन भिजत घातलेत.