कड्याच्या भोकातल्या पायऱ्या

चुंबकपट्टीवर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला, की वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, "या रेषा एकूण किती असतात?" बलरेषा ही कल्पना आहे, हव्या तितक्या काढा, असं आपण सांगतो. उत्तर बरोबरच आहे. पण अतिसंवाहक धातूच्या कड्याच्या भोकात मात्र हा 'किती'चा प्रश्न खरोखरच विचारता येतो.

1911 साली हॉलंडमध्ये लायडन इथं कामरलिंग ओनस यांच्या प्रयोगशाळेत पारा सुमारे 4.2 केल्विनपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. 1933 मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांना बर्लिनमध्ये आणखी एक गुण सापडला. अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला अंगात राहू देत नाही, बाहेर ढकलतो.

मग कड्याचं काय? चुंबकीय क्षेत्रात ठेवूनच कडं थंड केलं, तर धातूतलं क्षेत्र बाहेर पडतं, भोकातलं तिथंच राहतं. नंतर बाहेरचं क्षेत्र काढून घेतलं तरी ते निसटू शकत नाही, कारण त्यासाठी धातू ओलांडावा लागेल. कड्यात आपोआप प्रवाह सुरू होतो आणि रोध नसल्यामुळे तो न थांबता भोकातला चुंबकीय अभिवाह, म्हणजे क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ, राखून ठेवतो.

हा अभिवाह हवा तेवढा असू शकतो का? फ्रिट्झ लंडन यांनी 1950 मध्ये 'नाही' असं उत्तर दिलं. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले लंडन तेव्हा अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात होते. इलेक्ट्रॉन तरंगासारखे वागतात. कड्याभोवती फिरून आलेल्या तरंगाचं शेपूट स्वतःच्या तोंडाशी नीट जुळायला हवं, म्हणून फेरीत पूर्ण संख्येइतकेच तरंग बसतात. त्यावरून अभिवाहही ठरावीक पुंजांच्या पटीतच असणार. पुंजाचं मूल्य प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, म्हणजे सुमारे 4.1 × 10⁻¹⁵ वेबर.

ही राशी किती लहान? बोटातली अंगठी भूचुंबकीय क्षेत्राला काटकोनात धरली, तर तिच्या भोकातून असे सुमारे 20 लाख पुंज जातात. त्यात एकाची भर पडली तर कळणार कसं? म्हणून कडं केसाहून बारीक हवं. हे पडताळून पाहायला लंडन उरले नाहीत. 1954 मध्ये ते वारले.

1961 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डीव्हर आणि फेअरबँक यांनी सुमारे 13 मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या तारेवर कथलाचा मुलामा चढवला. एवढ्या थंडीतही तांबं अतिसंवाहक होत नाही, कथील होतं. म्हणजे तांब्याची जागा हेच भोक. ही इवलीशी नळी क्षेत्रात थंड करून त्यांनी सेकंदाला शंभर वेळा वरखाली हलवली आणि शेजारच्या वेटोळ्यांत निर्माण होणारा विद्युतदाब मोजला. फॅरडेचा, आपण शाळेत शिकवतो तोच नियम! त्याच सुमारास म्युनिकजवळ हेर्शिंग इथं, माइसनर यांनीच उभारलेल्या प्रयोगशाळेत, डॉल आणि नेबाउअर क्वार्ट्झच्या तंतूवर शिशाचा थर देऊन तेच शोधत होते. दोन्ही निबंध एकाच नियतकालिकाच्या जुलै 1961 च्या एकाच अंकात आले.

क्षेत्र हळूहळू वाढवत दर वेळी नळी नव्यानं थंड केली, तर अडकलेला अभिवाह आधी शून्य, मग एकदम एक उडी, पुन्हा सपाट, पुन्हा उडी. आलेखात जिना दिसत होता. पण पायरीची उंची लंडन यांच्या अंदाजाच्या निम्मीच होती!

लंडन यांचा तर्क चुकला नव्हता, भार चुकला होता. छेदात एका इलेक्ट्रॉनऐवजी दोघांचा भार घातला की पायरी बरोबर निम्मी होते. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं वावरतात, असं कूपर यांनी 1956 मध्ये दाखवलं होतं आणि 1957 मध्ये बार्डीन, कूपर, श्रीफर यांनी त्यावर सिद्धांत रचला होता. त्या जोडीचा इतका सरळ पुरावा आता प्रथमच हाती आला. अंदाज तंतोतंत खरा ठरता, तर हा जिना आम्हाला इतका मोलाचा वाटला नसता.

1986-87 मध्ये मातीच्या भांड्यांसारखे ठिसूळ, पण खूपच वरच्या तापमानाला अतिसंवाहक होणारे पदार्थ सापडले. जुना सिद्धांत त्यांना लागू पडेना. निदान जोड्या तरी तिथं आहेत का? 1987 मध्ये बर्मिंगहॅमच्या शास्त्रज्ञांनी अशाच पदार्थाचं कडं केलं आणि पायरी मोजली. ती निम्मीच भरली. जोड्या होत्या, त्या कशामुळे जुळतात यावर मात्र अजून एकमत नाही.