पाय ठेवणाऱ्यांचा धर्म

वसईचे गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. सोबत आणखी २५ जण होते. १८६२ मध्ये रोमने या सगळ्यांना संत घोषित केलं. वसईकडच्या वाचकांना हे मी काय सांगणार! पण आज मला जे मेले नाहीत त्यांच्याबद्दल लिहायचंय.

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. पाद्री हाकलले गेले, लपून राहिलेले हळूहळू पकडून संपवले गेले. मग आली फुमिए, म्हणजे येशूची किंवा मरियेची प्रतिमा, जिच्यावर पाय ठेवायचा. नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला घरातल्या सगळ्यांना हे करावं लागे. नकार दिला की अटक.

माझं एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्समध्ये झालंय, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडतो की आपल्यापर्यंत पोचलेलं सॅम्पल कुणाचं? उघड आहे, बहुतेक पाय ठेवणाऱ्यांचं.

मग त्यांचा धर्म टिकला कसा? मला यातली सगळ्यात रोचक गोष्ट वाटते ती म्हणजे पाद्र्याशिवाय काय चालतं आणि काय नाही. मिस्सा चालत नाही, पापांची कबुली चालत नाही. पण अडचणीच्या वेळी बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो. म्हणून गावात एक जण बाप्तिस्मा देणारा, तर एक जण सणवारांचं कॅलेंडर सांभाळणारा. आणि कबुलीच्या जागी पश्चात्तापाची प्रार्थना. पाद्री नसताना मनापासून पश्चात्ताप कसा करावा, यावर १६०३ मध्येच जपानीत पुस्तिका निघाली होती. पुढे तिच्या हस्तलिखित नकला फिरत राहिल्या. दिवसा प्रतिमेवर पाय, रात्री घरी पश्चात्ताप. मरियेसाठी कान्नोनची मूर्ती पुढे ठेवत. (कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याचा पद्मपाणी!)

याला ढोंग म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण पुढे घडलेल्या गोष्टीत आहे.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतल्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले. त्यांच्यातल्या एका बाईने फ्रेंच पाद्री पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की आमचं मनही तुमच्यासारखंच आहे, आणि मरियेची मूर्ती कुठंय ते विचारलं. जवळजवळ सात पिढ्यांनी! पण बंदी अजून उठली नव्हती. लवकरच उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना घरंदारं सोडायला लावून देशभर पांगवलं, धर्म सोडावा म्हणून छळलं. ६०० हून अधिक मेले. काहींनी मान तुकवली, पण बऱ्याच जणांनी नाहीच म्हटलं. पाय ठेवणाऱ्यांचेच हे वंशज. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले, तेव्हा उरलेले घरी परतले.

सगळे मात्र चर्चमध्ये गेले नाहीत. इकित्सुकी बेटावरच्या कित्येक कुटुंबांनी आजा-पणज्यांच्या ‘ओराशो’ (मूळ लॅटिन ‘ओरात्सिओ’, म्हणजे प्रार्थना) तशाच घरात म्हणणं चालू ठेवलं. त्यातल्या काही शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्यांनाही कधीच विसरला होता.