कंपनशामक, लोहमार्गीय (टाकाऊ रबराचे)

जीर्ण टायर व तत्सम टाकाऊ रबर यांच्या चुऱ्यापासून बनविलेले, आणि चाकांच्या आघाताने उठणारे कंप जमिनीत व लगतच्या इमारतींत पसरू नयेत म्हणून रुळाखाली, स्लीपरखाली अथवा खडीखाली अंथरले जाणारे थर.

इतिहास : चार्ल्स गुडइअर यांनी 1839 मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणामुळे रबराच्या रेणुशृंखला गंधकाच्या बंधांनी परस्परांस जखडल्या जाऊन ते टिकाऊ झाले, परंतु त्याच कारणाने ते पुन्हा वितळविणे अशक्य होऊन भंगाराचा प्रश्न उद्भवला. त्यावर हायरम हॉल यांनी 1858 मध्ये वाफेची, तर आर्थर मार्क्स यांनी 1899 मध्ये क्षाराची प्रक्रिया योजली; अशा प्रक्रियांनी पुन्हा वापरण्याजोग्या केलेल्या रबरास पुनःप्रापित रबर म्हणतात.

निर्मिती : टायर फाडून, पोलादी तारा चुंबकाने व धागे हवेच्या झोताने वेगळे काढून, उरलेले रबर दळतात, काही ठिकाणी ते द्रव नायट्रोजनने ठिसूळ करून घेतात. चुरा पॉलियुरेथेनसारख्या बंधकात कालवून दाबाखाली साच्यात बसवितात.

कार्य : रूळ व गाडी यांचा भार आणि थराचा ताठपणा यांवरून त्या रचनेची नैसर्गिक कंप्रता ठरते, आणि तिच्या सुमारे 1.41 पटींहून अधिक कंप्रतेचे कंपच थर अडवू शकतो. म्हणून थर मऊ असावा हे खरे असले, तरी तो फार मऊ झाल्यास रूळ प्रत्येक चाकाखाली अधिक लवून त्याच्या बंधनांवर ताण येतो, हा या विषयातील मूळ पेच होय. रबराच्या अंतर्गत घर्षणात कंपांची ऊर्जा उष्णतेत परिणत होते व अनुनादाचे शिखर बसते. चुऱ्याचा थर येथे समर्थपणे काम देतो. मात्र पुनःप्रापित रबराची ताणशक्ती नव्यापेक्षा कमी असल्याने, गाडीच्या बोगीतील (चाकांच्या सांगाड्यातील) सुरक्षेशी निगडित भागांत त्याचे प्रमाण किती असावे याविषयी मतैक्य नाही. याउलट खडीखालच्या थरावर ताण नव्हे, दाब येतो, आणि टाकाऊ रबराचे खरे स्थान तेथेच आहे.

उपयोग : अमेरिकेत सॅन होजे परिसरातील व्हासोना मार्गावर खडीच्या तळाशी टायरच्या तुकड्यांचा थर घातलेला आहे. मुंबई मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेवर काँक्रीटचे ठोकळे रबरी वेष्टनांत बसवून, दाट वस्तीखालील भुयारांत, हेच तत्त्व अंमलात आणले आहे. भारतीय रेल्वेत काँक्रीटच्या स्लीपरवर रुळाखाली खाचांचे रबरी पॅड सर्रास वापरतात. त्यांची मानके लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था ठरविते.

महाराष्ट्र : 1974 मध्ये स्थापन झालेल्या, आज जीआरपी या नावाने परिचित कंपनीचा पुनःप्रापित रबराचा एक कारखाना सोलापूर येथे आहे. परभणीवरून मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग जातो. त्याच जिल्ह्यातील जिंतूर शहर मात्र त्यावर नाही. तेथील सारी रहदारी रस्त्याची, आणि म्हणून जीर्ण टायरही तेथेच निघणारे, असल्याने अशा तालुक्यांकडे केवळ बाजारपेठ म्हणून न पाहता कच्च्या मालाचे उगमस्थान म्हणून पाहणे अगत्याचे आहे.

कायदा : जुलै 2022 च्या केंद्रीय नियमांन्वये टाकाऊ टायरच्या पुनश्चक्रणाची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर आहे.